काचेपलीकडचे पारवे

"घराजवळ कबुतरं आहेत का?" असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, डॉक्टर, भाईंदरमध्ये कुणाच्या घराजवळ नाहीत? ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या छातीचा स्कॅन उजेडाच्या पेटीवर लावला आणि फुप्फुसांत पसरलेली पांढुरकी जाळी पेनाच्या टोकानं दाखवली.

मी त्या डॉक्टरांना आधीपासून ओळखत होतो. पंचवीसेक वर्षं मी औषध कंपनीचा एमआर होतो. मीरा रोडच्या त्याच दवाखान्याबाहेर, त्याच स्टीलच्या खुर्चीवर, पेशंट संपायची वाट बघत मी कितीतरी दुपारी काढल्या होत्या. दहिसरपासून पालघरपर्यंतचा पट्टा माझा. मोटरसायकल, खांद्याला काळी बॅग, बॅगेत पोटाच्या गोळ्यांची सॅम्पल्स. घरी मी फक्त झोपायला येतो असं बायको म्हणायची आणि ते खरंच होतं. खोकला सुरू झाला तेव्हा मी तो रस्त्यावरच्या धुळीवर ढकलला. मग हवेवर, मग वयावर. ओळखीचे डॉक्टर ढिगानं, त्यामुळे चालता-चालता कुणाकडून तरी गोळ्या लिहून घ्यायचो आणि पुढे जायचो. शेवटी एका संध्याकाळी लिफ्ट बंद होती. आमचा चौथा मजला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बॅग खाली ठेवून मी पायरीवर टेकलो तो उठताच येईना. शेजारच्यांनी बायकोला बोलावून आणलं.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ सगळ्यांच्याच श्वासात जाते. काही जणांची फुप्फुसं तिच्याशी भांडायला उठतात, सुजतात, आणि सूज फार दिवस राहिली की वण पडतात. सूज गोळ्यांनी उतरते. वण जात नाहीत. "घर बदलता आलं तर उत्तम," ते म्हणाले. "नाही आलं, तर खिडक्या बंद. पूर्ण बंद. आणि जिथे कबुतरं बसतात तिथे जायचं नाही."

घर बदलणं जमण्यासारखं नव्हतं. आमची बिल्डिंग गोडदेवच्या बाजूची, जुनी. ती पाडून नवी बांधायची की नाही यावर वर्षानुवर्षं मीटिंगा चालल्या होत्या, आणि अशा बिल्डिंगमधलं घर कुणी घेत नाही. माझी नोकरीही सुटली. फिरणं हेच काम होतं आणि मला आता फिरता येत नव्हतं. तेव्हा राहिल्या फक्त खिडक्या.

बायकोनं एका रविवारी सगळ्या सरकत्या काचा लावून घेतल्या आणि फटींवर रुंद टेप चिकटवली. स्वयंपाकघरातला भिंतीतला एक्झॉस्ट पंखा काढून त्या भोकावर प्लायवूड ठोकलं. कपडे आत वाळायला लागले. फोडणीचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत घरात फिरत राहायचा. ती शाळेत विज्ञान शिकवते, सातवी-आठवीला. सकाळी ती निघाली की दार लावल्याचा आवाज यायचा, लिफ्ट खाली जायची, आणि मग मी आणि ट्यूबलाइट. बिल्डिंगच्या जिन्यात झरोक्यांतून कबुतरं आत येतात, त्यामुळे दाराबाहेर पाऊल टाकायचं तरी मास्क. महिन्यातून एकदा दवाखाना, तेवढंच बाहेर. ज्या माणसाला वसई-विरारचा प्रत्येक सिग्नल पाठ होता, तो आता हॉलपासून बेडरूमपर्यंत फेऱ्या मारत होता आणि त्यातही मधे थांबत होता.

मला तेव्हा कशाचा राग यायचा ते सांगतो. टण्ण असा एक आवाज. आमच्या डोक्यावर, पाचव्या मजल्यावर एक काकू एकट्या राहायच्या. सत्तरीच्या पुढच्या, मूळच्या अलिबागकडच्या. गुडघ्यांमुळे त्या फारशा खाली उतरत नसत. लिफ्टमध्ये दिसल्या तर नमस्कार व्हायचा, तेवढीच ओळख. त्या रोज सकाळी डब्याचं झाकण उघडायच्या, ते ग्रिलला लागायचं, टण्ण, आणि ज्वारीचे दाणे आमच्या एसीच्या बाहेरच्या पेटीवर सांडायचे. मग पंखांचा फडफडाट. आमच्या ग्रिलला जाळी होती, पण पेटी जाळीच्या बाहेर, छज्ज्यावर. पारवे तिथे उतरायचे, काचेपासून हातभरावर, आणि घुमायला लागायचे. आणि मी काचेच्या आत.

मी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "भाईसाब, प्रूफ दो ना. फोटो दो, मैं नोटिस निकालता हूँ." फोटो काढायचा प्रयत्न केला. काचेवर बाहेरून धूळ आणि विष्ठेचे ओघळ, आणि ती काच पुसायला बाहेर जाणार कोण? डोळ्यांना ओघळांच्या मधून दिसायचं, मोबाइलमध्ये मात्र नुसते राखाडी ढग यायचे. तेव्हा मी ठरवलं, काढून दाखवू. किती कबुतरं, कुठे बसतात, किती घाण. माझ्याकडे कंपनीच्या पॅडांचा गठ्ठा पडून होता. डॉक्टरांना द्यायला मिळायचे ते, प्रत्येक पानाच्या डोक्यावर ॲसिडिटीच्या गोळीचं नाव छापलेलं. त्यातलं एक घेतलं, पेन्सिल घेतली, आणि खुर्ची खिडकीशी ओढली. शाळा सुटल्यापासून चित्र काढलं नव्हतं. एक गोल डोकं, एक गोल पोट, त्रिकोणी चोच, दोन काड्या. असली पाच-सहा काढून बाण दाखवून लिहिलं, "येथून दाणे पडतात."

संध्याकाळी बायकोनं ते पान बघितलं. वह्या तपासायची सवय, त्यामुळे तिनं ते तपासलंच.

"हे कबूतर आहे," ती म्हणाली, "पण हे तुम्ही बघितलेलं नाही. हे मुलं न बघता काढतात तसलं आहे."

"कबूतर ते कबूतर."

"नाही. आधी तर त्याला पारवा म्हणतात. आणि तुम्ही दिवसभर त्यांच्यासमोर बसता, तरी त्यांच्या पायाला बोटं किती ते तुम्हाला माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. तिनं पर्स बाजूला ठेवली आणि उभ्याउभ्याच मला वर्गात सांगते तसं सांगितलं. कागदाकडे बघाल त्याच्या दुप्पट तिकडे बघा. दिसत नाही ते काढू नका. आणि कळत नाही ते खोडू नका, बाजूला लिहून ठेवा की कळलं नाही. एवढं बोलून ती कुकर लावायला गेली. मला ते थोडं लागलं. पण दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर मी खुर्ची पुन्हा ओढली. दुसरं करण्यासारखं होतं काय?

बोटं चार. तीन पुढे, एक मागे. पाय जांभळट लाल, आणि पिसांची चड्डी घोट्याच्या जरा वर संपलेली. हे काढायला मला एक अख्खी सकाळ लागली, कारण पारवा थांबत नाही. तो चालताना डोकं पुढे-मागे हलवतो असं मी आयुष्यभर समजत होतो. बघत बसलो तेव्हा दिसलं की डोकं मागे येतच नाही. ते पुढे जातं आणि हवेत थांबतं, मग मागून अंग येऊन त्याला गाठतं. पुन्हा डोकं पुढे. मी ते बाणांनी काढलं आणि बाजूला लिहिलं, "का? माहीत नाही." एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी छज्ज्याच्या खळग्यात साचायचं. कावळा तिथे पाणी प्यायचा तेव्हा चोच भरून मान वर करायचा. पारवा मान वर करायचाच नाही. चोच बुडवायचा आणि एका दमात ओढून घ्यायचा, म्हैस पिते तसा. त्या संध्याकाळी मी बायको चपला काढायच्या आतच तिला हे सांगितलं. तिलाही ते माहीत नव्हतं. ती दारातच थांबून ऐकत राहिली.

मानेचा रंग मात्र पेन्सिलीला कधी जमला नाही. एका बाजूनं हिरवा, मान वळली की जांभळा, आणि मधे कुठेतरी दोन्ही नाही. शेवटी मी नुसतं लिहायचो, "हिरवा होता. आता नाही."

पॅडची पानं भरत गेली. पानावर आधी वार आणि हवा लिहायची, मग चित्र, मग जे दिसलं ते, आणि तळाशी जे कळलं नाही ते. तळाचा मजकूरच जास्त असायचा. सेक्रेटरींना द्यायचा पुरावा म्हणून सुरू केलेलं ते पान मी त्यांना दिलं होतं. त्यांनी नोटीस काढलीही, पाचव्या मजल्यावरच्या सभासदांनी दाणे टाकू नयेत अशी. काही दिवस टण्ण थांबलं, मग जरा हळू आवाजात पुन्हा सुरू झालं. मी पुन्हा तक्रार केली नाही. तक्रार करायला हवी होती, श्वास माझाच जात होता. पण सकाळ झाली की मी त्या आवाजाची वाट बघायला लागलो होतो, कारण त्यानंतरच माझ्या खिडकीत काही घडायचं. मला ते पक्षी नको होते, आणि ते आले नाहीत तर माझा दिवस संपत नव्हता. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

थंडी सरताना एका जोडीनं पेटीच्या मागे घरटं केलं. त्याला घरटं म्हणायचं तर हिंमत पाहिजे. चार काटक्या, झाडूचे हीर, वायरचा तुकडा, कुणाच्या तरी मास्कचा दोर. त्यावर दोन पांढरी अंडी. मी गाल काचेला लावला की घरट्याचा निम्मा भाग दिसायचा. दोघंही आळीपाळीनं बसत. सकाळ चढली की एक यायचा, दुसरी उठायची. ऊन कलल्यावर ती परत यायची. नर कोण आणि मादी कोण हे मला बरेच दिवस कळलं नाही. मग एकाच्या शेपटीत एक वाकडं पीस सापडलं, त्यावरून मी त्यांना वेगळं ओळखायला लागलो. पिल्लं निघाली ती बघवेनात अशी. उघडीवाघडी, अंगावर पिवळे केस, डोळे मिटलेले, आणि चोच त्या देहाला न शोभणारी मोठी. मी ती जशी होती तशीच काढली. बायको म्हणाली, हे तुमचं पहिलं खरं चित्र.

पण ती नुसती चित्र बघत नव्हती, मलाही बघत होती. त्या महिन्यात दवाखान्यात मला लांब पॅसेजमध्ये चालायला लावलं आणि बोटाला लावलेल्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा आधीपेक्षा खाली आला. डॉक्टरांनी विचारलं, खिडकीजवळ घरटं वगैरे आहे का? मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "आहे."

घरात आल्यावर तिनं पॅड टेबलावरून उचललं, त्या पिल्लांचं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

"हे घरटं छज्ज्यावर नाहीये," ती म्हणाली. "तुमच्या फुप्फुसावर बांधलंय. कळतंय का तुम्हाला? आणि तुम्ही काचेला नाक लावून बसताय."

मी म्हटलं, उडाली की काढू. थोडेच दिवस.

"उडाली की दुसरी येतील. तुम्ही त्यांची पण चित्रं काढाल." तिनं पॅड मिटून टेबलावर ठेवलं. "मी रोज शाळेत असते आणि माझा जीव इथे असतो. या रविवारी माणूस बोलावते."

मी हो म्हटलं. दुसरं म्हणणार काय, ती बरोबर होती.

रविवारी जाळीवाला आला. मला बेडरूममध्ये बसवून बायकोनं दार लावलं, खाली फटीला ओला टॉवेल. बाहेर खरवडल्याचे आवाज, ड्रिल, पंखांची फडफड, आणि मग ती फडफड लांब गेली. बायकोनं जाळीवाल्याला सांगून ठेवलं होतं की पिल्लं फेकायची नाहीत. त्यानं ती खोक्यात घालून तिच्या हातात दिली. आता ती कुठे ठेवायची? घरात शक्य नव्हतं. खाली ठेवली तर मांजरं. तेव्हा ती खोकं घेऊन सरळ पाचव्या मजल्यावर गेली. रागातच गेली असणार, कारण चप्पलही न घालता गेली. मी बंद खोलीत बसून तिची पावलं आधी जिन्यात आणि मग डोक्यावर ऐकली.

बऱ्याच वेळानं ती आली. राग गेला होता. काकूंना काही माहीतच नव्हतं. नोटीस मिळाली तेव्हा त्यांना वाटलं, कुणाच्या तरी एसीवर घाण होते म्हणून कुरकुर आहे. म्हणून त्या हळूच दाणे टाकायला लागल्या. खालच्या घरात कुणाला श्वास घेता येत नाही हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. सेक्रेटरींनी नाही, आणि आम्हीही नाही. बायकोनं सांगितल्यावर त्यांनी पिल्लांचं खोकं स्वतःकडे ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. काठी टेकत काकू एक मजला उतरून आल्या होत्या. मी मास्क लावला आणि आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं मात्र उघडलं नाही.

"काकू, रागावू नका. जरा लांब उभ्या राहा. तुमच्या कपड्यांवर पण असतं ते."

त्या मागे सरकत सरकत लिफ्टच्या दारापर्यंत गेल्या. "एवढं पुरे?"

"पुरे."

"मला कुणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "एवढं आजारपण, आणि मी वरून धूळ टाकतेय."

मी म्हटलं, तुम्हाला कसं कळणार. आमच्यामध्ये तो पॅसेज आणि ते जाळीचं दार.

"लोकांना वाटतं मी पुण्यासाठी टाकते," त्या म्हणाल्या. "तसलं काही नाही रे. हे असताना आम्ही दोघं खिडकीत चहा घ्यायचो. हे गेले. मग त्या वेळेला खिडकीत कुणीतरी यावं, एवढंच." मला त्यांनी 'तू' कधी म्हणायला सुरुवात केली ते माझ्या लक्षातही आलं नाही. "एक पिल्लू सकाळी गेलं. दुसरं आहे. आईबाप वर येतात, पण खोक्याकडे बघत नाहीत. काय घालू त्याला?"

मला एवढंच माहीत होतं की आईबाप घशातून दह्यासारखं काहीतरी भरवतात. ते मी सांगितलं. बायकोला फोन करून विचारलं. तिनं शाळेतल्या कुणाला तरी विचारून सांगितलं की भिजवलेले वाटाणे सोलून, मऊ करून, एकेक चोचीत सारायचे. काकूंनी माझा नंबर घेतला आणि लिफ्टनं वर गेल्या.

त्या दिवसापासून रोज फोन. माझ्या खिडकीबाहेर आता नवी जाळी होती, पेटीवर लोखंडी काटे होते, आणि बघायला काही उरलं नव्हतं. पिल्लू माझ्या डोक्यावर आठ-दहा फुटांवर होतं आणि मला ते दिसणं शक्य नव्हतं. तेव्हा मी विचारायचो आणि त्या सांगायच्या.

"डोळे कसे आहेत?"

"कसे म्हणजे? डोळ्यांसारखे."

"रंग कुठला?"

"थांब." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, काठी जाते, काठी येते. "करडे. काळपट करडे. मोठ्यांचे भगवे असतात ना?"

"हो."

"मग यांचे कधी होतात?"

"माहीत नाही, काकू."

"मग लिही, माहीत नाही."

मी लिहिलं. मी त्यांच्या सांगण्यावरून चित्रं काढायला लागलो. पंखावर पिसं कशी येतात? काकूंच्या म्हणण्याप्रमाणे, आधी निळसर काड्या, सुया खोचल्यासारख्या. मग काडीचं टोक फुटून त्यातून पीस, कांद्याच्या पातीच्या टोकाला फूल निघतं तसं. मी तसं काढलं आणि फोटो वर पाठवला. त्यांचा लगेच फोन, सुया फार दाट काढल्यास, मधे कातडी दिसते. मी खोडून पुन्हा काढलं. सुरुवातीला प्रश्न मी विचारायचो. नंतर नंतर मी विचारायच्या आधीच त्या सगळं सांगायच्या, कारण त्या आता खोक्यापाशी खुर्ची टाकून बसत होत्या. पिवळे केस डोक्यावर सगळ्यात शेवटी राहिलेत, त्या म्हणाल्या, म्हाताऱ्यासारखं दिसतंय.

एका सकाळी फोन आला, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "ते गेलं."

वाटाणा अडकला असेल, असं काहीतरी मनात आलं. "गेलं म्हणजे?"

"उडून गेलं रे. खिडकीवर ठेवलं होतं. समोरच्या बदामाच्या झाडावर बसलं, मग तिथूनही गेलं." मग म्हणाल्या, "आता खोकं धुते आणि टाकून देते. खिडकीपण लावून घेते."

त्यांनी खिडकी लावली ती खरीच लावली. दाणे बंद. पण पारव्यांना ते कोण सांगणार? ते कितीतरी दिवस काकूंच्या ग्रिलवर येऊन बसायचे. काचेवर चोच मारतात, काकू फोनवर म्हणाल्या, मी पडदा ओढून बसते, बघवत नाही. माझ्या बाजूला घुमणं कमी होत होत थांबलं. शांत झालं. मी आत, त्याही आत. मला जो थोडा श्वास परत मिळत होता तो त्यांच्या खिडकीतून घेतलेला होता, आणि हे त्यांना माहीत होतं, मलाही. आम्ही त्याविषयी कधी बोललो नाही. बायको रविवारी त्यांच्याकडे चहाला जाऊन बसायला लागली, ते मात्र मी न सांगता.

फोन थांबले नाहीत. बोलायला बदाम होता. तो समोर कंपाउंडच्या भिंतीला लागून आहे. मला त्याच्या मधल्या फांद्या दिसतात, काकूंना शेंडा. पान लाल व्हायला लागतं तेव्हा देठाकडून होतं की टोकाकडून, यावर आमचा वाद दोन आठवडे चालला. दोघांच्याही मते आपलंच बरोबर होतं. शेवटी मी माझ्या खिडकीसमोरचं एकच पान धरलं आणि ते रोज काढलं, गळून पडेपर्यंत. लाल रंग कुठूनच सुरू झाला नाही. सगळीकडे डाग पडले आणि ते एकमेकांना मिळाले. काकूंना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, तुझं पान तसं असेल.

पुढच्या स्कॅननंतर डॉक्टर म्हणाले, थांबलंय. बरं झालंय असं नाही, थांबलंय. गोळ्या चालू, खिडक्या बंदच. पण पहाटे, मोकळ्या जागी, कबुतरं नसतील तिथे, मास्क लावून थोडं फिरायला हरकत नाही. बायकोनं दवाखान्याच्या जिन्यातच ठरवून टाकलं की मोरवा गावाच्या पुढे खाडीच्या कडेला जायचं. पहिल्याच रविवारी तिनं स्कूटर काढली. मी मागे बसलो, पॅड शर्टाच्या आत.

तिथे पोचलो आणि मला काय झालं ते कळलं नाही. ओहोटी होती. चिखल, तिवरांची रांग, पाणी, पाण्यापलीकडे डोंगर, वर सगळं आकाश. पांढरे बगळे कितीतरी. मी पॅड उघडलं आणि कुठून सुरुवात करायची तेच समजेना. जिकडे बघावं तिकडे दुसरं काहीतरी चाललेलं. काचेची चौकट होती तेव्हा बघायचं कुठे हे ठरलेलं होतं. माझी छाती भरून आली, धाप लागली, आणि मी बायकोला म्हटलं, चल, घरी जाऊ. ती म्हणाली, आत्ता तर आलो. मग तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बांधावर फडकं पसरून मला बसवलं. पाठ आकाशाकडे, तोंड खाली चिखलाकडे.

मी पायाखालचा हातभर चिखल बघत राहिलो. श्वास हळूहळू जागेवर आला. चिखलात बोटभर भोक होतं, त्यात पाणी. तेवढं काढता येईल असं वाटलं. निम्मं काढून झालं तेव्हा पाण्यातून दोन डोळे वर आले, अगदी डोक्याच्या माथ्यावर बसवलेले. खाली काय आहे कळेना. जरा पलीकडे एक कोळीण पाटी घेऊन चिखलात वाकली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "निवटी हाय ती. हलू नका, न्हायतर जाईल आत."

मी हललो नाही. पण खोकला आलाच, आणि डोळे पाण्याखाली गेले. आम्ही थांबलो. बायकोही वाकून बघत होती. निवटी पुन्हा वर आली तेव्हा मी पटकन तेवढे डोळे काढले, बाकीचं अंग मला दिसलंच नाही. खाली लिहिलं, "मासा असून पाण्याबाहेर किती वेळ राहते, माहीत नाही." मग ऊन चढायला लागलं. बायकोनं फडकं झटकलं, स्कूटर सुरू केली, आणि आम्ही घरी आलो.